नाकाचा ठसा

मेलेल्या म्हशीच्या तोंडासमोर इंद्रभान उकिडवा बसला होता. ओल्या फडक्याने तिचं नाक पुसायचं, ते वाळू द्यायचं, मग मोबाईल जवळ नेऊन हात हलू नये म्हणून श्वास रोखायचा, असं त्याचं मघापासून चाललं होतं. पडद्यावर गोल चक्र फिरलं, थांबलं आणि पुन्हा लाल फुली आली. फुलीखाली तीच ओळ होती : नोंदीतील जनावराशी जुळत नाही.

"काय म्हणते भाऊ?" भुरीबाईने विचारलं.

"जुळत नाही म्हणते."

"कोण जुळत नाही?"

"म्हैस."

भुरीबाईने आधी म्हशीकडे पाहिलं, मग मोबाईलकडे. सकाळपासून रडून तिचे डोळे सुजले होते, आता त्यांत राग आला. "माह्या गोठ्यातली म्हैस, माह्या डोयासमोर मेली, अन् तो म्हणते जुळत नाही? कोण बसला हाय त्याच्यात?"

"कोणी नाही बसलेलं, बाई. मशीन हाय ते."

"मंग मशीनले काय ठाव?"

जऊळक्याच्या स्टेशनापासून आत, माळावरच्या त्या तांड्यात चैताचं ऊन मी म्हणत होतं. जनावरांचे डॉक्टर येऊन, पोट फाडून, 'पोटफुगीने मृत्यू' असं लिहून केव्हाच निघून गेले होते. भुरीबाईचा नवरा लखीराम गोठ्यामागे खड्डा खणून फावड्यावर टेकून उभा होता. त्याला फक्त एवढंच विचारायचं होतं की पुरायची का ठेवायची.

"पुरा," इंद्रभान म्हणाला. "फोटो झाले सगळे. ठेवून काय होते?"

"पण मंग विम्याचं कसं?" भुरीबाई म्हणाली. तिचा सगळा संसार त्या म्हशीच्या दुधावर चालायचा, हे तांड्यात सगळ्यांना ठाऊक होतं आणि इंद्रभानला तर पक्कं ठाऊक होतं, कारण विमा त्यानेच उतरवला होता.

"पाहतो मी. उद्या ऑफिसात जातो," तो म्हणाला आणि गाडीकडे निघाला. त्याने किक मारली. फुली का आली ते त्याला पहिल्याच फुलीला कळलं होतं.

दिवाळीच्या सुमारास ही म्हैस तांड्यात आली तेव्हाची गोष्ट. भुरीबाईने तिचे पाय धुतले होते, कपाळाला कुंकू लावलं होतं, तोंडात गुळाचा खडा भरवला होता. आयाबाया जमल्या होत्या. इंद्रभानने नाकाचा फोटो काढायला मोबाईल पुढे केला, तशी भुरीबाई आडवी आली. "थांबा न भाऊ. फोटो काढून राह्यले अन् तोंड तसंच?" आधारकार्डाच्या फोटोला ती स्वतः केसांना तेल चोपडून, नवी ओढणी घेऊन गेली होती. ही तर लक्ष्मी, आणि हिचा फोटो थेट मुंबईच्या साहेबांपुढे जायचा. तिने तेलाची वाटी आणली. शिंगांना चोळलं, कपाळाला चोळलं आणि उरलेल्या तेलाचा हात नाकावरून असा काही प्रेमाने फिरवला की नाक आरशासारखं चकाकायला लागलं. वर हळदीचं बोट ओढलं.

वाशीमला कंपनीच्या शिकवणीत शिकवणाऱ्या पोराने स्पष्ट सांगितलं होतं : नाकावरच्या रेघा अंगठ्याच्या ठशासारख्या, दर जनावराच्या वेगळ्या, म्हणून नाक स्वच्छ पाहिजे, कोरडं पाहिजे, वर काही नको. इंद्रभानला ते आठवत होतं. पण नव्या लक्ष्मीच्या नाकावरची हळद, सगळ्या तांड्यादेखत, 'पुसून टाका' म्हणून सांगायला जीभ रेटली नाही. त्याने फोटो काढला. मोबाईलने हिरवी खूण दिली. मोबाईलला चालतं तर आपल्या बापाचं काय जातं, असा विचार करून त्याने चहा घेतला आणि घरी आला. मशीनने म्हशीऐवजी तेल लक्षात ठेवलं होतं, हे त्याला तेव्हा कुठून कळणार?

इंद्रभान तायडे हा तसा कानांचा माणूस. जवानीपासून त्याने जनावरांचे कान सांभाळले. विमा उतरवला की कानात पिवळा बिल्ला मारायचा. जनावर मेलं की बिल्ल्यासकट कानाचा तुकडा कापून आणायचा आणि ऑफिसात टेबलावर ठेवायचा. बिल्ला नाही तर दावा नाही, असा सरळ हिशेब. कामरगावापासून जऊळक्यापर्यंत लोक त्याला 'कानवाले भाऊ' म्हणत. लग्नाच्या पंगतीतही कोणीतरी हाक मारायचं, "ओ कानवाले, इकडं बसा," आणि नवे पाहुणे त्याच्या कानांकडे बघायचे. त्याला पगार नव्हता. जनावरामागे मिळेल ते कमिशन आणि कंपनीने दिलेला एक आयडी, एवढ्यावर मालेगावात दोन खोल्या झाल्या, पोरीचं लग्न झालं. पण कमिशनपेक्षा त्याला एका गोष्टीचा अभिमान होता. त्याने आणलेल्या कानाबद्दल ऑफिसात कधी कोणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

मग कंपनीने कात टाकायचं ठरवलं. एकदम सगळं बदललं असतं तर गोंधळ उडाला असता, म्हणून तुकड्या-तुकड्याने बदललं. आधी पावत्यांचा तुकडा आला, मग नोंदणीचा, मग नाकाच्या ठशाचा, मग दाव्यांचा. मालगाडीला डबा जोडावा तसा एकेक तुकडा जुन्याला जोडायचा, गाडी थांबवायची नाही. या तुकड्याला मॉड्यूल म्हणायचं, हे मालेगाव शाखेतल्या श्रेयांससाहेबांनी सगळ्यांना शिकवलं. इंद्रभान त्याला मोडूल म्हणायचा. त्याची त्यावर काही तक्रार नव्हती. उलट कान कापायचं काम गेलं याचं त्याला मनातून बरं वाटलं होतं, कारण मेलेल्या गाईचा कान कापताना घरची बाई जशी बघायची, ते बघणं त्याला कधी सवयीचं झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मालेगावच्या शाखेत जाऊन बसला. श्रेयांस हा कारंज्याच्या जैन व्यापाऱ्याचा मुलगा. दुकान सोडून नोकरीत शिरला म्हणून घरचे अजून नाराज होते. वयाने इंद्रभानच्या पोरीएवढा, पण वागायला सज्जन. त्याने संगणक इंद्रभानकडे वळवला. पडद्यावर दोन नाकं शेजारी शेजारी होती.

"काका, बघा. एकही रेघ जुळत नाहीये. सिस्टीम म्हणते दोन वेगळी जनावरं आहेत."

"मंग आता?"

"आता दावा नामंजूर होतो. आपोआप. संध्याकाळपर्यंत बाईंना मेसेज जाईल." त्याने इंद्रभानच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "पण एक जागा ठेवलेली आहे. हे बघा. 'प्रतिनिधीने जनावर प्रत्यक्ष ओळखले : हो, नाही.' तुम्ही फोटो काढला, तुम्हीच मेलेली पाहिली. तुम्ही हो म्हणा, मी टिक करतो. मशीनपेक्षा माणसाचा शब्द वर धरतात अजून."

किती सोपं होतं. एक अक्षर म्हणायचं होतं. इंद्रभानने त्या दोन नाकांकडे पाहिलं. मग कालची म्हैस डोळ्यांपुढे आणली, मग दिवाळीतली. दोन्ही काळ्या. दोन्हींची शिंगं मागे वळलेली. आयुष्यभर तो जनावराच्या बाजूने गेला होता, कान धरायला. तोंडाकडे त्याने धड पाहिलंच नव्हतं.

"सायेब, खरं सांगू का?" तो म्हणाला. "मले नाही ओळखू येत."

श्रेयांसला हसू आलं, पण इंद्रभान हसत नाही हे पाहून त्याने ते गिळलं. "काका, बाई खोटं बोलेल असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही वाटत. पण मले वाटते अन् मी ओळखतो, हे दोन अलग हाय न? पह्यले लोकं दुसऱ्याच जनावराच्या कानात बिल्ला घालून आणत. चांगले चांगले घरचे. मीच धरले त्याहीले."

"मग नाही म्हणायचं?"

"हो म्हटलं त पुढं काय होते?"

श्रेयांसने खुर्ची मागे सारली. तो खोटं बोलणाऱ्यांपैकी नव्हता. "पैसे मिळतील. पण ठसा जुळला नाही, माणसाच्या शब्दावर सोडलं, अशी नोंद राहते. बाईंच्या नावापुढे लाल खूण येते. पुढची म्हैस घेतली की विमा द्यायच्या आधी दहा प्रश्न. मिळेलच असं नाही."

"म्हंजे चोर म्हणूनच राहीन ती."

"तसं कोणी म्हणणार नाही."

"म्हणणार नाही, पण राहीन."

मग इंद्रभानने तेलाची गोष्ट सांगितली. वाटी, हळदीचं बोट, जमलेल्या आयाबाया, सगळं. श्रेयांसने दिवाळीतलं नाक पडद्यावर मोठं केलं. आता बघायचंच म्हटल्यावर दिसत होतं : रेघांवर चकाकी होती आणि एका कडेला पिवळं.

"अरे देवा," श्रेयांस हळूच म्हणाला. "मग प्रश्नच मिटला. नोंदणीचा फोटोच चुकला म्हटल्यावर दावा मशीनमधून बाहेर येतो, शाखेकडे. डॉक्टरांचा दाखला आहे, तांड्यातल्या दोन माणसांचा जबाब घेऊ. लाल खूणही लागत नाही." मग तो थांबला. "पण काका, तुमचा आयडी जातो."

"जाते म्हंजे?"

"ठशाचं मॉड्यूल आपलं नाही. बाहेरच्या एका कंपनीचं आहे, आपण जोडलंय फक्त. त्यांची अट आहे. प्रतिनिधीने नियम माहीत असून चुकीचा फोटो घेतला, असं नोंदलं की त्याचा आयडी बंद. आणि आयडी बंद झाला की कमिशनच्या तुकड्यातूनही नाव जातं, कारण सगळं एकमेकांना जोडलेलं आहे. मी कोणाला फोन करू सांगा? तिकडे कोण आहे तेच मला माहीत नाही. एक ईमेल आहे, त्याला मशीनच उत्तर देतं."

"नियम माहीत नव्हता असं लेहा न मंग."

"लिहिलं असतं. पण शिकवणीच्या शेवटी तुम्ही अंगठा लावलाय. तेही जोडलेलंच आहे."

इंद्रभानला वाटलं, एवढी जोडाजोडी पूर्वी असती तर खोटे बिल्ले घालणारे लवकर सापडले असते. मग वाटलं, नव्हती तेच बरं होतं. "जेवून येतो," म्हणून तो उठला. श्रेयांस म्हणाला, "या सावकाश. संध्याकाळपर्यंत वेळ आहे. आणि काका, हो म्हणायची जागा अजून आहे हं."

घरी दुर्गाबाई भाकरी थापत होती. नवरा भरदुपारी आला म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे तिला सांगावं लागलं नाही. तिने ताट वाढलं आणि समोर बसली. इंद्रभानने सगळं सांगितलं.

"तेल लावून राह्यली तवा बोलता नाही आलं?" ती शेवटी म्हणाली.

"नाही आलं."

"मले माहीत हाय. लग्नात माह्या मामानं तुमाले उलटा फेटा बांधला होता, तवाही तुमी तसेच बसले होते." तिने ताटात भाकरी वाढली. "आता हो म्हटलं त कोणाच्या बापाचं काय जाते? म्हैस तिचीच होती न?"

"असीन."

"असीन म्हंजे?"

"दुर्गे, मी नाही ओळखली. मी हो म्हटलं अन् ती तिचीच असली, तरी मी खोटंच बोललो न?"

"लय नाजूक हाय बाप्पा तुमचं," दुर्गाबाई म्हणाली. पण ती चिडलेली नव्हती. तिने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. ती काय विचार करत होती ते इंद्रभानला कळत होतं. या वयात नवं काम कोण देणार, पोरीकडे हात कसा पसरायचा, याच वाटेवर त्याचंही मन फिरत होतं. त्याला भीती वाटत होती आणि ती त्याने लपवली नाही. "मंग राहू देऊ का? म्हणून टाकू हो?"

दुर्गाबाईने भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहिलं नाही. तिने परातीकडे पाहिलं. "त्या बाईले चोर म्हणतीन का पुढं?"

"म्हणणार नाहीत. खूण राहीन नावापुढं."

"खूण म्हंजे काय असते, हे आपल्याले कोणी सांगाले पाह्यजे का?" दुर्गाबाई म्हणाली. "जेवा अगुदर. उपाशी जाऊ नका."

इंद्रभान पोटभर जेवला. परत ऑफिसात गेला आणि उभ्यानेच म्हणाला, "सायेब, लेहा. फोटो मी चुकवला. नियम माहीत होता." श्रेयांस बराच वेळ कीबोर्डवर बोटं ठेवून बसला आणि मग त्याने लिहिलं. पडद्यावर इंद्रभानचं नाव काळं होतं ते करडं झालं. आवाज नाही, काही नाही. श्रेयांस उठला, त्याने टेबलाला वळसा घातला आणि काही न सुचून इंद्रभानच्या पाया पडला. इंद्रभानला भारी संकोच वाटला. तो म्हणाला, "हे कायले सायेब," आणि जिना उतरून खाली आला. खाली उभं राहून त्याला कळेना की आता कुठे जायचं, कारण या वेळेला तो कुठल्यातरी गावी असायचा.

भुरीबाईला पैसे मिळाले. जबाबासाठी श्रेयांस स्वतः तांड्यावर जाऊन आला आणि तेलामुळे ठसा बिघडला एवढं तिला सांगून आला. पुढचं त्याने सांगितलं नाही, कारण इंद्रभानने तशी गळ घातली होती.

पेरण्या आटोपल्या आणि एका सकाळी भुरीबाई मालेगावात, इंद्रभानच्या दारात उभी राहिली. हातात फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा होता. तिने नवी म्हैस घेतली होती आणि ती व्याली होती. "वगार झाली भाऊ," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "म्हटलं, खरवस पह्यले तुमच्या घरी गेला पाह्यजे."

दुर्गाबाईने डबा घेतला आणि ती आत चहा ठेवायला गेली. भुरीबाई खाली बसली. "अन् भाऊ, या खेपी म्हशीच्या तोंडाले तेलाचा थेंब नाही लावला. धुऊन, पुसून कोरडं ठेवलं. कधी येता फोटोले?"

"अजून नाही झाला फोटो?"

"ते कोण पोरगी आलती न रिंकू नावाची, मोबाईल घेऊन. मी म्हटलं, तू जाय बाई, आमचे भाऊच येतीन. तुमच्याबिगर दुसऱ्याच्या हातून मी नाही काढत."

नवीकोरी दुभती म्हैस, विम्याशिवाय इतके दिवस. "असं नका करू बाई. काढून घ्या तिच्याच हातून. चांगली पोरगी हाय."

"काहून? तुमी काहून नाही येत?" भुरीबाईने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग तिचा आवाज खाली आला. "तुमाले काही बोलले त नाही न सायेब लोकं? माह्या तेलापायी?"

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"छे," इंद्रभान म्हणाला. "मले काय बोलतीन? उलट मले ऑफिसात बसवलं आता. फिरणं बंद."

"ऑफिसात?"

"हो."

"खुर्ची हाय?"

"हाय."

"पंखा?"

"तोही हाय. डोक्यावरच."

भुरीबाईचा चेहरा असा उजळला की इंद्रभानला खाली बघावं लागलं. "लय बेस झालं बाप्पा," ती म्हणाली. "उन्हातान्हाचे किती फिरले तुमी. मी रोज जीवाले खाऊन राह्यली होती भाऊ, का माह्यापायी तुमाले बोलणे बसले असतीन. अन् पाहा, माह्या तेलानं तुमचं भलंच झालं."

"झालं न," इंद्रभान म्हणाला.

चहा पिऊन, उद्याच त्या पोरीला बोलावून फोटो काढून घेते असं कबूल करून भुरीबाई निघाली. इंद्रभान तिला बसस्टँडवर सोडायला गेला. तांड्यातली दोन माणसं बसमध्ये होती. भुरीबाईने चढता चढताच त्यांना बातमी दिली, की आपले कानवाले भाऊ आता ऑफिसात बसतात, पंख्याखाली. त्यांनी खिडकीतून रामराम केला. इंद्रभानने हात वर केला आणि बस हलेपर्यंत तसाच उभा राहिला.

तो घरी आला तेव्हा दुर्गाबाईने खरवसाच्या वड्या पाडून ताटलीत ठेवल्या होत्या. "सांगितलं काहून नाही तिले?" तिने विचारलं.

"तिले मंग त्या म्हशीचं दूध गोड लागलं नसतं."

दुर्गाबाई त्याच्या शेजारी बसली. "मंग," ती म्हणाली, "उद्यापासून डबा बांधत जाऊ का ऑफिसचा?"

इंद्रभान हसला. मग त्याला हसू आवरेना, आणि थोड्या वेळाने ते हसू राहिलं नाही. त्याने उपरण्याचं टोक तोंडावर धरलं. बाहेर रस्त्यावरून बाजाराला निघालेली माणसं जात होती आणि त्यातली निम्मी त्याच्या ओळखीची होती. दुर्गाबाई उठली, दार लोटून कडी लावली आणि परत येऊन त्याच्याजवळ बसली.